दक्षिणेकडे पाय

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तीन आकडे असतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. पहिला आकडा म्हणजे एवढ्या थंडीत तुम्ही सुखाने झोपाल. दुसरा म्हणजे झोपाल, पण पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून. तिसरा म्हणजे झोपेचं विसरा, सकाळी जिवंत असाल एवढंच. हा तिसरा आकडा छापायची बुद्धी कुणाला झाली असेल याचा विचार करत मी बराच वेळ ते लेबल धरून बसले होते. आमच्याकडे ब्लँकेट घेताना फार तर रंग जातो का एवढं विचारतात.

मी कर्जतला राहते. इथल्याच शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्त बायकांचं पुढे काय होतं ते पाहिलेलं होतं: भजनी मंडळ, भिशी आणि गुडघ्याला लावायची तेलं. माझ्या वाट्याला मात्र नेरळची एक बाई आली. ती दवाखान्यात परिचारिका होती, वयाने माझ्याहून थोडी मोठी, आणि तिने पन्नाशी उलटलेल्या बायकांची एक टोळी जमवली होती. टोळीचा बेत असा: जानेवारीत कशेळ्याहून जीपने खांडसला जायचं, तिथून घाट चढून भीमाशंकर गाठायचं आणि मग घाटमाथ्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालत सुटायचं ते थेट महाबळेश्वरच्या बाजूला उतरायचं. जवळजवळ महिनाभर. मुक्काम देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर सरळ आभाळाखाली.

मी आयुष्यभर वर्गाच्या खिडकीतून तो घाटमाथा पाहिला. फळ्यावर सह्याद्री काढला, मुलांकडून दिशा पाठ करून घेतल्या, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण हे हजारदा सांगितलं. आणि स्वतः गेले कुठे, तर माथेरानला, तेही घोड्यावर बसून, घोडेवाल्याचा खांदा धरून. त्यामुळे नेरळच्या बाईने विचारल्यावर माझ्या तोंडून 'विचार करते' असं निघालं याचा मलाच धक्का बसला. एरवी मी सरळ नाही म्हटलं असतं.

अडचण थंडीची होती. मला थंडी वाजते. कर्जतमध्ये ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नाही, लोक हसतात. पण माझे पाय ऑक्टोबरातही गार असतात आणि वर्गात पंखा लागला की मी पदर खांद्यावरून घ्यायची. त्यात निवृत्तीपासून झोपही गेलेली. रात्ररात्र आढ्याकडे बघत पडायचं. तिथे डोंगरावर, वाऱ्यात, जमिनीवर अंग टाकून मी काय झोपणार होते? न झोपता दुसऱ्या दिवशी काय चालणार होते? नेरळची बाई म्हणाली, "बॅग बरोबर निवडलीस तर झोपशील. चुकलीस तर तिसऱ्या दिवशी घरी येशील. बाकी सगळं त्यानंतर."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ बाई."

या 'बघ बाई'ला आमच्या घरात अर्थ आहे. त्याचा अर्थ नाही असा होतो. मुलगी कॉलेजला पुण्याला जाते म्हणाली तेव्हा 'बघ बाई', मी बी.एड.नंतर पुढे शिकते म्हटलं तेव्हा 'बघ बाई'. मुलीने बघितलं आणि ती गेली, आता बंगळूरला असते. मी बघितलं आणि राहिले. तो कधी ओरडला नाही, अडवलं नाही, दार लावून घेतलं नाही. माणूस वाईट नाही. फक्त तो एवढं म्हणतो आणि फोनमध्ये डोकं घालतो.

फोनचंही सांगायला हवं. त्यात त्याची तीन वाक्यं कायम तयार असतात. एक वाढदिवसाला, एक निकाल, बढती, गृहप्रवेश यांना, आणि एक गेलेल्या माणसाला. बिल्डिंगचा ग्रुप, भाऊबंदांचा ग्रुप, जुन्या ऑफिसचा ग्रुप, सगळीकडे हीच तीन. मजकूर वाचायचा नसतो, वरच्या दोघांनी काय टाकलंय ते पाहून आपलं टाकायचं. सोसायटीच्या सचिवांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना 'उत्तरोत्तर अशीच प्रगती होवो' असा संदेश गेला होता. मी त्यावरून पुष्कळ बोलले. तो म्हणाला, "भावना महत्त्वाची."

तर बॅग. पहिली मी भावाकडून आणली. चौकोनी, चेन लावलेली रजईच म्हणा ना. आत ऐसपैस हातपाय पसरता येत होते, पण ती गुंडाळली की तिचं गाठोडं गादीएवढं व्हायचं. पाठीवर घेऊन जिन्याने गच्चीवर गेले आणि तिथेच बसले. दुसरी टोळीतल्या एका पुण्याच्या बाईने वापरून पाहायला पाठवली. पिसांची. ती अशी हलकी की हातात काही आहे असं वाटेना, आणि दाबली की तांब्यात मावेल. मी हरखून गेले होते. पण नेरळच्या बाईने फोन करून त्या आनंदावर पाणी ओतलं. म्हणाली, घाटमाथ्यावर पहाटे दव पडतं, सगळं चिंब होतं, आणि पिसं भिजली की ऊब गेली. शिवाय मला त्या बॅगेत सटासट शिंका आल्या. नवऱ्याने या काळात एकच सूचना केली: "गोधडी घेऊन जा ना, आपली आहे ती." गोधडीचं वजन त्याने कधी उचलून पाहिलेलं नव्हतं, कारण ती वाळत मी घालते.

तिसरी मी मागवली. कृत्रिम कापसाची, भिजली तरी ऊब धरणारी, खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती, डोक्याला टोपडं असलेली. या आकाराला म्हणतात ममी. नवऱ्याने खोक्यावर ते वाचलं आणि म्हणाला, "हे बरं केलं, आयांसाठी वेगळी काढलीय." मी त्याला इजिप्तचं सांगितलं. तो म्हणाला, "शी, घरात कशाला आणलीस?"

बुटक्या मापात एकच रंग शिल्लक होता, पांढुरका. तोच आला.

बॅग परत करायची मुदत मंगळवारी संपत होती, आणि नेरळच्या बाईलाही हो की नाही ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवं होतं, कारण मी नाही म्हटलं तर माझी जागा बदलापूरची एक बाई घेणार होती. त्या सकाळी नवरा भावाबरोबर खालापूरला गेला, तिथे वडिलोपार्जित जमिनीची मोजणी होती. जाताना दारात म्हणाला, "मग काय ठरवलंस?" मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते." तो म्हणाला, "बघ बाई." माझं निम्मं 'नाही' तिथेच ठरलं. उरलेलं निम्मं मी बॅगेवर सोपवलं. हिच्यात झोप लागली तर जायचं, नाही लागली तर खोकं बंद करून परत पाठवायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

आता ऑक्टोबरात कर्जतला थंडी कुठून आणायची? आमच्याकडे एसी एकच, तो हॉलमध्ये, कारण हॉलला पश्चिमेचं ऊन लागतं. जेवण झाल्यावर मी पडदे ओढले आणि एसी सगळ्यात खालच्या आकड्यावर नेला. एरवी तिथे तो कधी जात नाही, नवऱ्याने तशी ताकीद दिलेली आहे. दिवाण आणि टीव्हीच्या कपाटामध्ये जमिनीवर एक लांबट पट्टा मोकळा असतो, तिथे चटई टाकली, चटईवर बॅग. थंड झोत कानात शिरायला लागला म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले, हे मी दर थंडीत करते. पडद्यांमुळे अंधार झाला होता, म्हणून मुलीने पाठवलेली डोक्याला बांधायची बॅटरी उशाशी पेटवून ठेवली, तिचा सेल किती टिकतो तेही कळेल म्हणून. इस्त्रीवाला येणार होता, त्यामुळे दाराला कडी घातली नाही, नुसतं लोटून घेतलं. मग बॅगेत शिरले, हात आत घेतले, टोपडं ओढलं, चेन हनुवटीपर्यंत आणली आणि डोळे मिटले.

भूगोल शिकवलेली बाई मी. तो पट्टा उत्तर-दक्षिण आहे आणि माझे पाय दक्षिणेकडे झाले आहेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आधी पाय गरम झाले. मग गुडघे. ते गरम होणं इतकं हळू आणि इतकं खात्रीचं होतं की मी मनात म्हटलं, बघू, अजून थोडं बघू. त्यापुढचं मला आठवत नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

जाग आली ती ओठांवर काहीतरी ओलं लागल्यामुळे. थेंब होते, आणि त्यांच्याबरोबर एक पान. मला वाटलं दव. मी चालायला गेले आहे, पहाट झाली आहे आणि दव पडतंय असं अगदी स्पष्ट वाटलं, आणि आनंद झाला. मग कापसातून अस्पष्ट आवाज ऐकू आला: "एसी राहू द्या चालू. मुलगी बंगळूरहून येईपर्यंत ठेवावं लागेल ना."

मी डोळे उघडले. तोंडावर वाकलेली होती खालच्या मजल्यावरची शेजारीण, हातात गंगाजलाचा तांब्याचा गडू. भिंतीशी ओळीने चार-पाच बायका बसल्या होत्या, एरवी हळदीकुंकवाला बसतात तशाच, पण डोक्यावर पदर आणि ओढण्या घेऊन, एसीने कुडकुडत. दारात सचिव पाठमोरे उभे होते, हातात फोन. माझ्या ओठांवर तुळशीचं पान होतं.

अशा वेळी माणूस काय बोलेल? मी म्हटलं, "अगं बाई, कधी आलात? चहा टाकते."

शेजारणीच्या हातातला गडू सुटला आणि सगळं गंगाजल बॅगेवर सांडलं. भिंतीशी बसलेली एक बाई बसल्या जागी मागे सरकायला लागली, मागे भिंत होती तरी. मी उठून बसायला गेले, तर हात आत, चेन गळ्याशी अडकलेली. त्यामुळे मी सबंधच्या सबंध, टोपड्यासकट, हात न लावता ताठ बसती झाले. सचिव वळले आणि त्यांनी चौकट धरली. एसीचा आवाज तेवढा येत होता.

चेन काढायला दोघी लागल्या. हात सुटल्यावर मी आधी कानांतले बोळे काढले आणि शेजारणीकडे पाहिलं. तिचं माहेर कशेळ्याकडचं, सासरची भाताची शेती, बाई एकदम खमकी, अंगणात निघालेला नाग तिने काठीने वाटेला लावला होता. ती पांढरीफटक पडली होती.

"बाई, मी विरजन मागाया आले," ती म्हणाली. "दार उघडंच हाय. हाका मारल्या, तुमी काय ओ देत नाय. बगते तं काय, भुईवर घेतलेल्या. पाय दक्षिनेला, उशाला दिवा, कानात कापूस, वर पांढरं. मंग मानूस काय समजंल?"

"हलवून बघायचंस तरी."

"हात लावायचा धीर नाय झाला. त्यात तोंडावर असं समाधान होतं बाई, तुमचं तोंड असं मी कदी बगितलं नाय. म्हटलं, सुटली."

सुटली, म्हणाली ती. मी कशातून सुटले असं तिला वाटलं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. मला हसू येत होतं आणि दातही वाजत होते, थंडीने की कशाने कोण जाणे.

तेवढ्यात सचिवांनी घसा खाकरला. ते जुन्या कर्जतकर घराण्यातले, वकिलाचे चिरंजीव, बोलणं अगदी छापील. म्हणाले, "बाई, आपण आहात याचा परमानंद आहे. फक्त एक अडचण झाली आहे. आपले यजमान फोन उचलेनात, म्हणून मी ग्रुपवर कळवलं आहे."

माझा फोन दिवाणावर होता. उघडला. वर माझा फोटो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा, खांद्याशी दुसऱ्या कुणाचीतरी अर्धी वेणी. खाली लिहिलेलं: 'कळविण्यास अत्यंत दुखः होते की आपल्या सोसायटीतील आदरणीय बाई यांचे आज दुपारी राहत्या घरी झोपेत निधन झाले. भावपूर्ण श्रध्दांजली.' एवढी वर्षं मी या गावाला दुःख लिहायला शिकवलं. विसर्ग दु-नंतर येतो, ख-नंतर नाही. श्रद्धांजलीतल्या जोडाक्षरात आधी द, मग ध. आणि माझ्याच मरणात दोन्ही चुका. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "भावनेच्या भरात झालं."

खाली श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. माणसाला हे वाचायला मिळत नाही, मला मिळालं, आणि देव करो कुणाला न मिळो. 'अत्यंत सोशिक व्यक्तिमत्त्व.' 'सोशिक आणि मनमिळाऊ.' 'बाईंचा आवाज कधी घराबाहेर आला नाही.' 'सोशिकपणाची मूर्ती.' 'आपण बरं, आपलं घर बरं, असा स्वभाव.' मध्येच कुणीतरी 'आज पाणी किती वाजता सोडणार?' असं विचारलं होतं आणि त्याला उत्तरही मिळालं होतं. मग पुन्हा, 'खूप सोशिक होत्या.'

मला खरा धक्का बसला तो इथे. मेल्याचा नव्हे. सोशिक हा शब्द मी दरवर्षी वाक्यात उपयोग करायला द्यायची आणि दरवर्षी अर्धा वर्ग 'बैल हा सोशिक प्राणी आहे' असं लिहायचा. मी तासाला शिरले की शेजारचा वर्ग गप्प व्हायचा, असा माझा आवाज. मी मुख्याध्यापकांशी भांडलेली आहे, एसटीच्या कंडक्टरशी भांडलेली आहे, कुणी मागे लागलं तर दप्तर टाकून पळायला मुलींना शिकवलेलं आहे. यातलं या बिल्डिंगमध्ये काहीच कसं पोचलं नव्हतं? की मी जिना चढताना दररोज खाली ठेवून येत होते? भिंतीशी बसलेल्या त्या बायकांपैकी तिघींनी सोशिक लिहिलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं तर त्या आपापल्या फोनमध्ये बघायला लागल्या. त्यांचा तरी काय दोष, त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं.

आणि मग, रांगेत शेवटून तिसरा, नवऱ्याचा संदेश.

'भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो.' पुढे जोडलेले दोन हात.

मी तो दोनदा वाचला. नाव त्याचंच होतं, फोटोही त्याचाच, राजमाचीसमोर उभं राहून काढलेला. शुद्धलेखन अचूक होतं, कारण ते वाक्य मीच एकदा सुधारून दिलं होतं. बायकांनीही ते वाचलं असावं, कारण शेजारीण उगाचच सांडलेलं पाणी पदराने टिपायला लागली. मला राग आला, डोळ्यांपुढे अंधारी येण्याइतका. पण रागाच्या खाली वाईटही वाटत होतं, आणि ते जास्त होतं. माझा फोटो वर होता. तो तरी दिसायला हवा होता.

फोन वाजला. तोच.

"अगं," तो म्हणाला, मागे कुणीतरी साखळी ओढा, साखळी ओढा असं ओरडत होतं. "आपल्या बिल्डिंगमध्ये कोण गेलं गं? इथे मोजणीची गडबड आहे, मी श्रद्धांजली टाकलीय. पण तू जरा खाली जाऊन ये त्यांच्याकडे. बसून ये थोडा वेळ. बरं दिसत नाही."

साखळीवाल्यांच्या वर आवाज काढून तो बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं भिंतीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोणी गेलेलं नाही," मी म्हटलं.

"मग ग्रुपवर कुणाचं आहे?"

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"वरवर पाहिलं."

"मी जातेय," मी म्हटलं.

"हां, जाऊन ये ना, तेच सांगतोय."

"तिकडे नाही. जानेवारीत, चालायला. आत्ता हो म्हणून कळवतेय."

तो सवयीने म्हणाला, "बघ बा—"

"मी बघितलं," मी म्हटलं. "आता तुम्ही ग्रुप बघा. वरपासून." आणि फोन ठेवला.

नेरळच्या बाईला मी तिथेच, त्या सगळ्यांसमोर, ओल्या बॅगेत अर्धी बसलेली असताना 'येते' असं कळवलं. मग चहा टाकला. शेजारणीला दोन चमचे साखर जास्त घातली आणि विरजणाची वाटी भरून दिली. सचिवांनी ग्रुपवर खुलासा टाकला, 'अनवधानाने चुकीची माहिती प्रसृत झाली, बाई सुखरूप आहेत.' टाकण्याआधी तो मला दाखवून घेतला. त्याखाली एकाने 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं आणि दोघांनी पुन्हा श्रद्धांजली वाहिली.

नवऱ्याचा त्यानंतर फोन आला नाही, संदेशही नाही.

तो आला तेव्हा दिवेलागण झाली होती. बॅग बाल्कनीत दोरीवर टाकली होती, ती जवळजवळ वाळली होती, पिसांबद्दलचं नेरळच्या बाईचं म्हणणं बरोबर होतं. मी दार उघडलं. मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यं जुळवली होती, मोठ्या आवाजातली. तो दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला, चप्पल काढायची विसरून. खांद्यावर मोजणीची लाल माती होती. मग आत आला, पाणी प्याला, पुन्हा पाणी प्याला. जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली.

बाल्कनीत जाऊन त्याने बॅग काढून आणली. हातात घेऊन चाचपली, लेबल वाचलं, सगळं, तिन्ही आकडे. म्हणाला, "कुठे झोपली होतीस?" मी दाखवलं. त्याने चटई टाकली, बॅग पसरली आणि बुटक्या मापाच्या त्या बॅगेत कसाबसा शिरायला लागला.

"तुम्हाला नाही पुरणार ती."

"लाव चेन," तो म्हणाला. "एसी पण लाव."

मी चेन वर ओढली. हनुवटीशी आणली. टोपडं त्याच्या टकलावरून पुढे घेतलं. तो सरळ पडला आणि त्याने डोळे मिटले. एसीचा आवाज सुरू झाला. मी उभी होते, कंबरेवर हात ठेवून, दुपारचा राग अजून अंगात होता. आणि मग मी पाहिलं.

जमिनीवर तो होता. पांढऱ्यात गुंडाळलेला. नाक एरवीपेक्षा धारदार दिसत होतं. गालांवरची माती तशीच. पाय दक्षिणेकडे.

मला माहीत होतं की तो जिवंत आहे, मीच आत्ता चेन लावली होती, तरी मी दिवाणाची कड धरली. शेजारणीने दुपारी काय पाहिलं असेल ते मला तेव्हा कळलं.

"अहो, उठा," मी म्हटलं.

तो हलला नाही.

"उठा आधी. पुरे झालं."

त्याने डोळे उघडले. ते ओले होते. आढ्याकडे बघत म्हणाला, "खालापूरहून येईपर्यंत तो फोटोच बघत होतो मी. तू फोनवर बोलली होतीस, तरी." मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले, फरशी गार पडली होती.

"तिथे झोपताना," तो म्हणाला, "पाय तेवढे दक्षिणेला करू नकोस."

एवढंच. बघ बाई नाही, जमेल का नाही, किती दिवस लागतील नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला मिळालेली ही पहिली सरळ परवानगी होती आणि ती अशी, टोपड्यातून.

"झोपताना नाही करणार," मी म्हटलं. "चालताना मात्र तिकडेच करावे लागतील."

मग मी त्याची चेन काढायला घेतली. ती पुन्हा गळ्याशीच अडकली, आणि त्याला त्यातून बाहेर काढायला मला बराच वेळ लागला.